कुठली वाडी?

"तोंड उघड. दात दाखव."

साहेब चक्क मराठीत बोलले. सौदी अरेबियातल्या यान्बूच्या एका कारखान्यात आम्ही नवे वेल्डर ओळीने उभे होतो. सकाळचंच ऊन चटके देत होतं. साहेबांनी माझा दंड दाबला, डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली, मान धरून मला फिरवलं. बाजारात बैल असाच बघतात. राग यायला हवा होता, पण मला आनंद झाला. एवढ्या लांब येऊन साहेब मराठी निघाला! मीच मूर्खासारखा म्हणालो, "साहेब, मीपण तिकडचाच. चिपळूणजवळचा."

"अरे वा! गाव कोणतं?"

मी गाव सांगितलं.

"कुठली वाडी?"

कोकणात नुसतं गाव सांगून भागत नाही. वाडी सांगितली की जात आपोआप कळते. इथे परदेशात कोण बघतंय, असं वाटून मी बोलून गेलो, "बौद्धवाडी."

साहेबांनी दंडावरचा हात काढला आणि रुमालाला पुसला. घामामुळे पुसला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मग ते फोरमनला म्हणाले, "इसको अंदर डालो. इन लोगों का खून ही गरमी के लिए बना है."

अंदर म्हणजे दुरुस्तीला काढलेल्या लोखंडी टाकीच्या पोटात. माणूस जेमतेम घुसेल एवढंच तोंड. हवेसाठी एक ब्लोअर, तो बंद पडला की जीव घुसमटायचा. बाकीचे वेल्डर पाळीपाळीने आत जायचे. मला पाळी नव्हतीच. नेपाळी उंचावर, आफ्रिकेतले ओझ्याला, मी आत. साहेब याला शास्त्र म्हणायचे.

एकदा आत चक्कर येऊन पडलो. दोरीने बाहेर ओढलं. साहेब म्हणाले, "नाटकं करू नकोस. तुमच्यात सहन करायची ताकद जात्याच असते."

सोडून जाणार कुठे? पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. इथे राहायचा परवाना, म्हणजे इकामा, तोही कंपनीच्याच मर्जीवर. गावी आई अंथरुणाला खिळलेली आणि माझा सुटीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर. त्यांची सही झाल्याशिवाय मला हा देश सोडता येत नाही. टाकीला निदान एक तोंड तरी होतं. त्यानंतर कुणी गाव विचारलं की मी नुसतं चिपळूण म्हणायचो. लाज त्यांची होती, पण ती मी अंगाखांद्यावर वागवत होतो.

एक दिवस साहेबांनी मला गाडीत बसवलं. एसी लावला, चहा दिला. त्यांची अमेरिकेला जायची खटपट चालू होती. म्हणाले, "पूर्वी तिकडे बियाणं बघून माणसं आत घ्यायचे. वंश बघून कायदे केले होते. आता कुणीही घुसतं."

तो शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकी कायदा पुढे मी फोनवर वाचला. माणसांत चांगला वंश, हलका वंश अशी प्रतवारी लावणाऱ्या विद्वानांचं ऐकून तो केला होता. आशियातल्या जवळजवळ सगळ्यांना दार बंद. साहेबांच्या आजोबांनाही कुणी उंबऱ्याशी उभं केलं नसतं. पण साहेबांना वाटतं, चाळणी असते ती फक्त आपल्या खालच्यांसाठी.

मग ते मुद्द्यावर आले. "उद्या नवी माणसं येतायत. तू लीडमन हो, त्यांचा मुकादम. दात, दंड, रंग बघ आणि आत घालायचे ते वेगळे काढ. तुझ्या अर्जावर लगेच सही करतो."

मी हो म्हणालो. आई डोळ्यांसमोर होती.

सकाळी ओळीसमोर उभा राहिलो. पहिलाच बांगलादेशी, माझ्याच वयाचा. मी काही बोलायच्या आत त्याने तोंड उघडलं, शर्ट छातीपर्यंत वर केला आणि स्वतःहून वळून पाठ दाखवली. कुठल्या कुठल्या दारात त्याला हे शिकवलं असेल! समोर मीच उभा होतो, आणि बघणाराही मीच.

"शर्ट नीचे करो, भाई," मी म्हणालो. मग साहेबांकडे वळलो. "मी माणसं वेगळी काढणार नाही."

"मग तूच जा आत."

"जातो. वेल्डर आहे म्हणून जातो, रक्तामुळे नाही. सगळे पाळीने जातील. आणि ब्लोअर बंद पडला की मी बाहेर येणार."

"खलास," साहेब म्हणाले. "सुटी विसर."

अर्ज अजून त्यांच्या टेबलावरच आहे. आई फोनवर विचारते, "कधी येतोस रे?" मला रडू येतं, ते मी लपवत नाही. पण ब्लोअर थांबला की मी बाहेर येतो आणि माझ्याबरोबर आत घातलेला तो बांगलादेशीही माझ्यामागून येतो. फोरमन "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, म्हणून ओरडत राहतो. ब्लोअर सुरू होईपर्यंत आम्ही सावलीत बसून राहतो.

परवा एका नव्या मराठी इंजिनियरने हसत विचारलं, "गाव कोणतं?"

मी गाव सांगितलं. त्याने विचारायच्या आत वाडीही सांगितली, चारचौघांना ऐकू जाईल अशी. त्याला हात पुसायचा तर पुसू दे. मला टाकीत घाला, नाहीतर इथेच अडकवून ठेवा, माणसं चाळायला माझा हात मिळणार नाही.