क्वार्टरची नक्कल

राजाभाऊ मूळचे वाईचे, पण बत्तीस वर्षं चंदीगढात काढलेली. सेक्टर ३९च्या संशोधन संस्थेत ड्राफ्ट्समन. शास्त्रज्ञांच्या यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात हयात गेली. अशा माणसाला घराचं ड्रॉइंग दुसऱ्याकडून करून घ्या म्हणणं म्हणजे आचाऱ्याला डबा लावायला सांगणं. मोहालीत आयटीत असलेली त्यांची मुलगी मैत्रेयी नेमकं तेच सांगत होती, आणि रोज सांगत होती.

निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मग सरकारी क्वार्टर रिकामं करायचं आणि पिंजौरला घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर घर बांधून राहायचं. त्यात विशेष काही नाही, सगळेच करतात. पण मीनाक्षीबाईंना काचबिंदू झाला होता. बाजूचं दिसेनासं झालेलं, समोरचं तेवढं दिसे, तेही नळीतून पाहिल्यासारखं. "गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवू," असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, ते म्हणाले नाहीत.

क्वार्टरमध्ये मात्र बाई बिनधास्त वावरत. पलंगापासून न्हाणीघर नऊ पावलं, तिथून ओटा चौदा. म्हणून राजाभाऊंनी ठरवलं, पिंजौरला हेच घर बांधायचं. इंचाइंचाने हेच. चार रविवार टेप घेऊन त्यांनी भिंती, दारं, बटणं सगळं मोजलं आणि ग्राफपेपरवर उतरवलं. कशासाठी, ते बायकोला सांगितलं नाही. जिच्यासाठी घर, तिला विचारावं, हे या पिढीतल्या पुरुषांना सुचतच नाही.

शेवटी मैत्रेयीने एका रविवारी आर्किटेक्टला घरीच आणलं. हरलीन कौर, तिशीची, पायात स्पोर्ट्स शूज. ते तिने न सांगता दाराबाहेर काढले, तेवढी एकच गोष्ट राजाभाऊंना आवडली.

हरलीनने ग्राफपेपर नीट पाहिला. "अंकल, ड्रॉइंग तो कमाल की है. इसमें क्या बदल सकते हैं?"

"कुछ नहीं. एक इंच भी नहीं."

"फिर मेरी क्या जरूरत है?"

"वही तो मैं इसको बोल रहा हूँ!"

"बाबा, यार!" मैत्रेयी म्हणाली. "आप सुन तो लो."

इतक्यात मीनाक्षीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. स्वयंपाकघराच्या दारात त्यांचं डावं कोपर चौकटीवर आपटलं. चहा बशीत सांडला. बाई "आई गं"सुद्धा म्हणाल्या नाहीत. बापलेकींनी वरही पाहिलं नाही.

हरलीनने पाहिलं. "आंटी, लगी?"

"वो तो रोज का है."

हरलीनने त्यांची बाही हलकेच वर सारली. कोपराच्या वर एकाच जागी जुने पिवळे, नवे निळे असे डाग. तिने पर्समधून टेप काढली आणि दाराच्या रुंदीला लावली. अडीच फूट. राजाभाऊंनी कागदावर बघितलं. तिथेही अडीच फूट, त्यांच्याच अक्षरात. बत्तीस वर्षांत त्यांचं एक माप चुकलं नव्हतं, हेही चुकलेलं नव्हतं.

"काय आहे ते?" मीनाक्षीबाईंनी कागद ओढून घेतला, डोळ्यांपुढे धरून तुकड्यातुकड्याने वाचला. "अहो, हे तर आपलंच क्वार्टर!"

"तुला सवय आहे म्हणून..."

"धडका खायची सवय आहे मला. ती काय पिंजौरला न्यायची?"

"नव्या घरात पावलं पुन्हा मोजावी लागतील, मीने. तोवर जर..."

"तोवर दिसायचं बंद झालं तर. म्हणा की! मी रोज म्हणते मनात." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "घर वेगळंच बांधा, आणि लवकर बांधा. एकदा मला डोळ्यांनी बघू दे. पुढचं पाय बघतील."

मैत्रेयी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. राजाभाऊ हरलीनकडे वळले. "नक्शा कब तक होगा?"

"ढाई-तीन महीने, अंकल. बनने में एक साल और."

सव्वा वर्ष. डोळ्यांची पुढची तपासणी दिवाळीनंतर, त्यापुढची चैत्रात. राजाभाऊंना मोजमापांची कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली. तरी त्यांनी पेन्सिल घेतली आणि अडीचाचा आकडा खोडून, शेजारी काहीच न लिहिता, कागद हरलीनपुढे सरकवला.

"आप बनाइए," ते म्हणाले. "पर जल्दी."

चहा झाला. बाई ट्रे घेऊन आत निघाल्या. राजाभाऊ उठले, भरभर जाऊन दाराशी उभे राहिले आणि चौकटीच्या कडेवर त्यांनी तळहात धरला. कोपर त्यावर येऊन आदळलं. लागलं त्यांनाच, चांगलंच.

"कोण आहे?" मीनाक्षीबाई थबकल्या.

"मी आहे."

"मग सरका की वाटेतून!"

ते सरकले नाहीत.