डोकं न भिजवता केलेली अंघोळ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलं ते दुपारचं जेवण. खाडीतल्या बोयीचं कालवण होतं. मी खुर्चीवर बसलो होतो, ताट पुढच्या स्टुलावर, आणि ती खाली जमिनीवर बसून माझ्या ताटातल्या तुकडीचे काटे काढत होती. डॉक्टरनं मान खाली घालायची नाही असं बजावलं होतं, म्हणून हा थाट. एरवी आम्ही दोघं चुलीजवळ मांडी घालून जेवायचो. खुर्चीवर बसून बायकोकडून काटे काढून घेणारा माणूस आमच्या जूचंद्रात कोणी पाहिला नसेल. मागचं दार मी मुद्दाम लोटून घ्यायला लावायचो, शेजारची बाई डोकावली तर काय म्हणेल म्हणून.

ती डोळ्यांनी काटे काढत नव्हती. बोटांनी चाचपून काढायची. तुकडी चिमटीत धरायची, अंगठा फिरवायची, काटा लागला की ओढायची.

"एक राहिला बघ," मी म्हटलं.

"मग ठेवा दाताखाली. गोगल लावून हिरो झाले, काटा नाय चावत?"

जेवण झालं. तिनं साबणानं हात धुतले. डॉक्टरनं सांगितल्यापासून ती इतके हात धुवायची की बोटांना माशाचा वास यायचा बंद झाला होता. मला खाटेवर उताणं झोपवून तिनं डोळ्यात थेंब टाकला. पहिला गालावर पडला, दुसरा नाकावर, तिसरा डोळ्यात.

"कोंबडीनं बरा टाकला असता," मी म्हटलं.

"मग कोंबडीला बोलवा. आता डोला उघडू नका, मुरू द्या."

मी डोळे मिटून पडलो. ती भांडी घेऊन मागच्या पडवीत गेली. थोड्या वेळानं पेला पडल्याचा आवाज आला आणि तो घरंगळत गेला. मी विचारलं, "काय झालं गो?"

ती म्हणाली, "काय नाय. डोला उघडू नका."

मी उघडला नाही. सांगितलं होतं तेवढा वेळ पडून राहिलो. उठून पडवीत गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून. थकून बसली असेल असं वाटलं. हाक मारली, हलवलं. ती बसल्याजागीच गेली होती. पोरगा आणि सून दोघंही कामावर गेलेले, घरात मी एकटाच. शेजाऱ्यांना मी हाका मारल्या तेव्हा डोळ्यावरचा काळा चष्मासुद्धा काढला नव्हता. गावातला डॉक्टर आला, हृदय बंद पडलं म्हणाला.

आता हे डोळ्याचं प्रकरण काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आम्ही दोघांनी जन्म मिठागरावर काढला. उन्हात पांढरं मीठ ओढायचं. वरून सूर्य आणि खालून मीठ, दोन्हीकडून उजेड डोळ्यात. आमच्यातल्या म्हाताऱ्यांचे डोळे लवकर जायचे आणि कोणाला त्याचं नवल वाटायचं नाही. गुडघे दुखतात तसे डोळे जातात, असं धरून चालायचो. पण त्या सुमाराला लेझरचं नाव निघालं. टाका नाही, आठवडाभर पडून राहायला नको, दुसऱ्या दिवशी पट्टी उघडतात. गावातला एक जण करून आला आणि पारावर बसून लांबूनच येणाऱ्याला ओळखायला लागला. आमच्या पोरानं हट्ट धरला. आम्हाला दोघांनाही वसईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरनं दोघांचे डोळे पाहिले. म्हणाले, दोघांनाही मोतीबिंदू आहे, पण बाईंचा जास्त पिकलाय, आधी त्यांचा करू.

ती लगेच म्हणाली, "नको, आधी ह्यांचा. मी पडले तर माझ्या डोल्यात थेंब हे टाकनार काय? ह्यांना चूल पेटवता येत नाय, मला थेंब टाकता येतात. आधी ह्यांचा करा."

मी म्हटलं, "आधी तुझाच होऊ दे." एकदाच म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. तिनं हात झटकला आणि ठरलं.

ऑपरेशनच्या आधी तीन दिवस थेंब टाकायचे होते. बाटल्या दोन. मला चौथीपर्यंतची अक्षरं येतात पण तेव्हा ती दिसत नव्हती, आणि तिला तर येतच नव्हती. तिनं एका बाटलीला लाल दोरा बांधला. वेळ कळायला शेजारच्या शाळेची घंटा. घंटा झाली की ती हातातलं टाकून हात धुवायला जायची. रविवारी शाळा बंद, तर तिनं सकाळपासून चारदा शेजाऱ्याला वेळ विचारून त्याला वैताग आणला.

आदल्या दिवशी तिनं मला डोक्यावरून अंघोळ घातली. डॉक्टरनं सांगितलं होतं की ऑपरेशननंतर महिनाभर डोक्यावर पाण्याचा थेंबही पडता कामा नये. डोळ्यात पाणी गेलं की पू होतो आणि डोळा जातो. तिनं शिकेकाई लावून डोकं असं खसाखसा घासलं की मी ओरडलो.

"महिन्याची घान आजच काढते," ती म्हणाली. "नंतर डोक्यावर पानी घेतलात तर बघा. माझ्याशी गाठ हाय."

दवाखान्यात मागून उघडा असलेला हिरवा झगा घालायला दिला. एक तरुण नर्सबाई पापण्यांचे केस कापायला आली. मी दोन्ही हातांनी झगा मागे धरून बसलो होतो. ती म्हणाली, "आजोबा, हात सोडा, हलू नका." एवढी लाज मला लग्नाच्या दिवशीही वाटली नव्हती. आत काय झालं ते फारसं आठवत नाही. मोठा उजेड आणि पाण्याखाली असल्यासारखं काहीतरी हलणारं. दुखलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोर ती उभी होती. किती वर्षांनी तिचं तोंड नीट दिसलं. मग मला तिचे डोळे दिसले. बुबुळात साबुदाण्याचा दाणा असावा तसं पांढरं. दोन्हीकडे. माझं तोंड कुठे आहे ते तिला आवाजावरून कळत होतं. घरी आल्यावर मी बघत राहिलो. ती भिंतीला हात लावत चुलीकडे जायची, मिठाची बरणी शेल्फावर हात सरकवत शोधायची, माझ्या डोळ्याकडे बाटली नेताना डाव्या हाताचं बोट माझ्या भुवईवर ठेवायची म्हणजे जागा कळावी. घर तिच्या हातात इतकं मुरलेलं होतं की आम्हाला कोणाला पत्ता लागला नव्हता. माझ्याहून आंधळी बाई माझे काटे काढत होती. मला ते कळत होतं आणि मी खुर्चीवर बसून खात होतो. महिना झाला की तिचा करू, असं मनात म्हणायचो.

ऑपरेशनला आठवडाही झाला नव्हता, आणि ती गेली.

संध्याकाळच्या आत न्यायचं ठरलं. बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. आमच्याकडे नवऱ्याआधी गेलेल्या बाईला शेवटचं कुंकू नवऱ्यानं लावायचं असतं. सुनेनं माझ्या हाताला धरलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, वाकू नका, गुडघ्यावर बसा." मी गुडघ्यावर बसलो. एक डोळा नवा आणि एक जुना असला की वस्तू किती लांब आहे ते नीट कळत नाही. चहा ओतताना कपाच्या बाहेर पडतो. मी बोट पुढे नेलं, कपाळ आलं असं वाटलं, पण बोट हवेतच होतं. आणखी पुढे नेलं तर एकदम टोचल्यासारखं लागलं, आणि कुंकू भुवईवर. सुनेनं पदरानं पुसलं, माझं बोट धरून नीट लावून घेतलं. चष्म्याआडून मला तिचं कपाळ स्वच्छ दिसत होतं. शिरा, सुरकुत्या, गोंदण, सगळं. दिसत असून हात पोचला नाही.

स्मशान खाडीच्या काठाला आहे. वारा खाडीकडून होता, धूर लोकांच्या अंगावर येत होता. पोरगा मला म्हणाला, "बाबा, तुम्ही तिकडे लांब उभे राहा, धूर डोळ्यात जाईल." मी लांब जाऊन उभा राहिलो. काळा चष्मा लावून, बाभळीखाली, एकटा. तिला अग्नी दिला तेव्हा मी कोणीतरी पाव्हणा असल्यासारखा बाभळीखाली होतो.

मग अंघोळीची वेळ आली. बाकीचे सगळे घाटावर उतरून डोकं बुडवायला लागले. तिचा मोठा भाऊ माझ्याकडे आला. अंगावरून पाणी निथळत होतं. माझ्यापेक्षा वयानं मोठा आणि आवाज तसाच.

"चल," तो म्हणाला.

पोरगा मध्ये आला. "मामा, त्यांना डोक्यावरून पाणी चालत नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"डोल्याचा? माझी बहीन जलतेय तिकडं, आनि ह्याचा डोला? नवरा हाय तो तिचा. न भिजता उंबरा ओलांडनार?"

"मामा, डॉक्टरनं..."

"डॉक्टरला काय आपल्या घरचा सुतक हाय? एक तांब्या घाल डोक्यावर. एक तांब्या. एवढ्यानं काय मरत नाय कोन."

सगळे आमच्याकडे बघत होते. पोरगा माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी दुसरं म्हणायला हवं होतं. पोराकडे बोट दाखवायचं, नाहीतर गप्प राहायचं. पण मला तोंड आवरत नाही, जन्मभर आवरलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "माझा डोळा जाईल."

पाण्यातले लोकसुद्धा थांबले. मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरचा टॉवेल पिळला आणि म्हणाला, "बरा. सांभाल."

घरी आल्यावर अंगणात पोरानं मला खुर्चीवर बसवलं. बाळंतिणीला करतात तसं मानेपासून खाली पाणी घातलं, डोकं ओल्या फडक्यानं पुसलं. गल्लीतली माणसं जाता-येता बघत होती. मी मान ताठ ठेवून बसलो होतो, कारण खाली घालता येत नव्हती. मेव्हणा ओसरीवर बसला होता. तो त्या दिवशी आमच्याकडे पाणी प्यायला नाही. पोरानं मुंडण केलं होतं, त्याची कवटी ओली, चकचकीत. माझे केस कोरडे, तिनं धुतलेले तसेच.

रात्री थेंब सुनेनं टाकला. पहिलाच बरोबर डोळ्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा दाखवायला जायचं होतं. तारीख आधीच ठरलेली होती. सून म्हणाली, "सुतकात कुठे जाताय बाबा? लोक काय म्हणतील? दोन दिवसांनी जा." तिचं बरोबर होतं. पण मी विचार केला, स्मशानात सगळ्यांपुढे जे बोललो ते आता परत येणार नाही. ते बोलूनही डोळा गेला तर मग काहीच राहिलं नाही. मी चपला घातल्या आणि पोराला म्हटलं, चल. मेव्हणा ओसरीवरच होता. त्यानं तोंड दुसरीकडे केलं.

दवाखान्याच्या दारात मी पोराला म्हटलं, "तू बाहेर थांब."

"का?"

"तुझं डोकं बघून विचारतील."

तो रिक्षाजवळ उभा राहिला. मी एकटा आत गेलो. डॉक्टरनं चष्मा काढायला लावला, बॅटरी मारून डोळ्यात पाहिलं, मग भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. ऑपरेशनच्या आधी मला त्यातलं वरचं एकच मोठं दिसायचं. मी वाचत गेलो. एक ओळ, दुसरी, तिसरी. शेवटची ओळ मुंगीएवढी बारीक होती, तीही वाचली. शाळेतसुद्धा मी इतकं न अडखळता वाचलं नव्हतं.

डॉक्टर खूष झाले. म्हणाले, "अहो, किती छान सांभाळलाय डोळा! जराही लाली नाही. घरी कोण बघतं?"

"बायको."

"तरीच. आता त्यांनाही घेऊन या. त्यांचं जास्त थांबवायला नको. या महिन्यातच करून टाकू."

मी तोंडावर बोलणारा माणूस. सासऱ्याला बोललोय, मिठागराच्या मालकाला बोललोय, काल मेव्हण्याला बोललो. समोर डॉक्टर हसत उभे होते. मी म्हटलं, "आनतो."

चष्मा लावून बाहेर आलो. पोरगा पुढे आला. "काय म्हणाले?"

"बरा हाय म्हनले," मी सांगितलं, आणि रिक्षात बसलो.