औशाच्या बाईचा अडकित्ता

अप्पांच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडून अव्वाचा आवाज आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. एरवी अप्पाच फोन लावायचे, "काय करायलास रे बाला?" असं इतक्या मोठ्यानं विचारायचे की लातूरहून नांदेडपर्यंत आवाज त्यांनाच पोचवायचा आहे असं वाटावं, आणि सगळं बोलून झाल्यावर फोन अव्वाच्या हातात द्यायचे. त्या दिवशी अव्वा एवढंच म्हणाली, "बाला, अप्पा दुकानात बसल्या बसल्या गेले रे..." मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभा होतो. पुढच्या तासाची मुलं वर्गात येऊन बसली होती. त्यांना काय सांगून निघालो ते आठवत नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं एसटीच्या खिडकीतून मागं जात राहिली, आणि मला सारखं वाटत होतं, फोन करून अप्पांनाच विचारावं, हे खरं आहे का.

पोचलो तेव्हा अप्पांना बसवलेलं होतं. लिंगायतांमध्ये माणसाला बसवूनच समाधी देतात. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, मांडी घातलेली. गेलेलं माणूस मी आमच्या गावाकडं आडवंच पाहिलेलं. अप्पा मात्र दुकानाच्या गादीवर बसायचे तसेच बसले होते. क्षणभर वाटलं, आता मान वर करतील आणि विचारतील, जेवलास का.

मन्मथअप्पा माझे नात्यानं कुणी नव्हते. निलंग्याकडच्या एका खेड्यातून बारावीनंतर मी लातूरला आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडिलांनी कुणाच्या तरी ओळखीनं मला अप्पांच्या भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत आणून सोडलं, आणि जाताना अप्पांना म्हणाले, "पोरगं गरीब हाय. चुकलं तर दोन ठिवून द्या." अप्पांनी मला कधी दोन ठेवून दिल्या नाहीत. खोलीत पंखा नव्हता म्हणून उन्हाळ्यात मी दुकानात बसून वाचायचो आणि गिऱ्हाईक आलं की अप्पा त्याला खुणेनं हळू बोलायला सांगायचे. भांड्यांच्या दुकानात हळू बोलून काय उपयोग! पण सांगायचे खरं. अव्वा, म्हणजे त्यांची बायको, तिला सगळेच अव्वा म्हणत. ती दर सोमवारी मला खाली जेवायला बोलवायची. त्यांची मुलगी उदगीरला दिलेली होती. घरात ही दोघंच, आणि वर मी.

दुकानात बाया जुनी पितळी, तांब्याची भांडी घेऊन यायच्या. अप्पा ती तोलून घ्यायचे आणि बदल्यात नवं स्टील किंवा पैसे द्यायचे. या जुन्या भांड्यांना मोड म्हणतात. मोडीचा ढीग साठला की तो गाळायला भट्टीकडं जायचा. त्या ढिगात एखादा अडकित्ता आला की अप्पा तो उचलून बाजूला ठेवायचे. अशानं तीसेक वर्षांत दुकानामागच्या खोलीची एक पूर्ण भिंत अडकित्त्यांनी भरली होती. मोराचा, घोडेस्वाराचा, बोटाएवढा नाजूक, लग्नाघरी पोतंभर सुपारी फोडायचा जाड लोखंडी, बिदरकडून आलेला काळा. प्रत्येकाला एक खिळा. सोमवारी पूजा झाली की अप्पा सगळे खाली काढायचे, पुसायचे, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचे आणि प्रत्येक अडकित्त्यानं एकेक सुपारी फोडायचे. ती सुपारी आठवडाभर गिऱ्हाइकांना. स्वतः मात्र कधी खायचे नाहीत. अव्वा म्हणायची, "भिंतीवर एवढं लोखंड, आन् तोंडात एक दात धड न्हाई!" अडकित्त्यांना ती सवती म्हणायची. "जा, सवती वाट बघायल्यात तुमची."

मी एकदा फोडायला गेलो, तर सुपारी उडून समोरच्या घागरीवर टणकन आदळली. दुकानातल्या बाया हसल्या. अप्पा म्हणाले, "राहू दे. बीए झाला की फुटंल." मी ते विसरून गेलो होतो. बीएचा निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन दुकानात गेलो, तर त्यांनी गादीवरून मोराचा अडकित्ता आणि एक सुपारी माझ्यासमोर सरकवली. "हं, गुरुजी. आता फोड." सुपारी पुन्हा उडाली. अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "एमए कर लेका, एमए! बीएनं भागत न्हाई!" ... मी एमए केलं ते काही त्यांच्या या बोलण्यामुळं नाही, पण फॉर्म भरताना ते वाक्य कानात होतं.

त्या भिंतीवर एक अडकित्ता होता, ज्यानं अप्पा कधी सुपारी फोडत नसत. पितळी, दोन राघू चोचीला चोच लावून बसलेले, आणि मुठीच्या पोकळीत बारीक घुंगरू. उघडझाप केली की किणकिणायचा. मी लातूरला यायच्या आधीची गोष्ट. औशाची एक बाई हंडा घेऊन मोडीला आली होती. हंड्यात हा अडकित्ता. हंडा तोलायला दिला आणि हा हातात धरून म्हणाली, "हे तोलू नका, अप्पा. हे माझ्या आईचं हाय. सांभाळा, म्या येऊन न्हेते." घरी ठेवला तर नवरा विकून टाकील, एवढं बोलून ती गेली. अप्पांनी तिचं गाव विचारलं होतं. नाव विचारायचं राहून गेलं. आमच्याकडं हे असंच होतं. कुणीही भेटलं की पहिलं 'गाव कंचं?', आणि गाव कळलं की माणूस कळल्यासारखं वाटतं. हनुवटीवर गोंदण होतं, एवढंच अप्पांना आठवत होतं. त्या वयाच्या कितीतरी बायांच्या हनुवटीवर गोंदण असतं. पुढं कामासाठी औशाच्या बाजाराला गेले की अप्पा परतीची एक एसटी मुद्दाम सोडायचे आणि स्टँडवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांकडं बघायचे. ती कधी दिसली नाही.

मी नांदेडला लागलो. लागलो म्हणजे तासिका तत्त्वावर. तास घ्यायचे, आणि पगार कधी येईल ते कुणालाच माहीत नसायचं. इकडं अप्पांचं दुकानही बसत चाललं होतं. पितळ घरात उरलं नव्हतं, आणि नवी भांडी लोक मोबाइलवर मागवत होते. अशात अव्वाच्या हृदयाची झडप खराब निघाली. सरकारी योजनेत बसलं तेवढं बसलं. वरचा खर्च, औषधं, बाहेरगावी राहणं हे अप्पांवर आलं. त्यांनी मला बोलावलं. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो, माझ्याकडं आत्ता काही नाही हे कसं सांगायचं. पण त्यांनी पैशांचं विचारलंच नाही. म्हणाले, "तुझ्या त्या मोबाइलमधी फोटो टाकले की लोक घेतेत म्हणं. टाक यांचे."

मी दिवसभर फोटो काढले. अप्पा एकेक अडकित्ता पांढऱ्या धोतरावर ठेवायचे आणि मी काढायचो. माझ्या शिक्षणाचा त्यांना झालेला उपयोग तो एवढाच, असं मला आजही वाटतं... राघूंच्या अडकित्त्याशी आलो तेव्हा मी थांबलो. अप्पा म्हणाले, "काढ की. फोटोनं काय झिजतंय का?"

पुण्याहून एक निवृत्त इंजिनियर आले. सज्जन माणूस. वस्तू हातात घेताना हात रुमालाला पुसत होते. भावाची घासाघीस केली नाही. आपण कुणावर रागवावं म्हटलं तर तसं कुणी समोर नव्हतंच. अप्पांनी पहिला अडकित्ता काढला तसा त्यांनी हात पुढं केला. अप्पांनी तो त्यांच्या हातात न देता सतरंजीवर ठेवला.

"खाली ठेवतो. उचलून घ्या. असली वस्तू हातात देऊ नये, वैर येतं. तुमचं आमचं वैर कशाला!"

पाहुण्यांचे गुडघे दुखत होते. दोन-तीन वेळा वाकून झाल्यावर ते हसत म्हणाले, "अप्पा, मी खालीच बसतो." मग दोघं समोरासमोर बसले. अप्पा ठेवायचे, सांगायचे, "हा मुरुडच्या पाटलीणबाईचा," ते उचलायचे. "हा रेणापूरच्या सोनाराचा. मुठीवर त्यानंच नक्षी केलीय." ते उचलायचे. पलीकडच्या खोलीत अव्वा पडून होती. तिचा खोकला तेवढा ऐकू येत होता. भिंत रिकामी झाली आणि राघू तेवढे राहिले.

"आणि हा?"

"हा माझा न्हाई."

"अप्पा, खरं सांगू? मी फोटोतला हा पाहून आलो." त्यांनी किंमत सांगितली. मी अप्पांकडं बघितलं नाही. मीच म्हणालो, "अप्पा, द्या की. इतक्या वर्षांत आली न्हाई ती."

"आली न्हाई," अप्पा म्हणाले, "पर येणार न्हाई असं कुठं म्हणाली?"

पाहुण्यांनी आग्रह केला नाही. जाताना फक्त म्हणाले, विचार बदलला तर कळवा. त्यांची गाडी गेल्यावर अप्पांनी भिंतीतले खिळे एकेक करून उपटले आणि भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. "उघडे खिळे चांगले दिसत न्हाईत," म्हणाले. राघूंचा खिळा तेवढा ठेवला.

अव्वाचं ऑपरेशन नीट झालं. घरी आली आणि पंधरा दिवसांत जखमेत पू झाला, ताप चढला, पुन्हा दवाखाना. मी तेव्हा नांदेडात मुलांना शिकवत होतो, आणि माझ्या खात्यावर काही नव्हतं. अप्पांचा फोन आला. आवाज पहिल्यांदाच लहान होता. "बाला, त्या पुण्याच्या साहेबाला इचार, अजून पायजे का." मी विचारलं. त्यांना हवा होता. ते म्हणाले, कुरिअरनं पाठवा. अप्पा म्हणाले, "कुरिअर नगं. तू घिऊन जा."

मी लातूरला गेलो. अप्पांनी तो खिळ्यावरून काढला, पुसला, सांध्यात तेल सोडलं. नंतर सतरंजीवर माझ्यासमोर ठेवला. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो.

"उचल."

मी उचलला नाही. म्हणालो, "अप्पा, मी दुसरीकडं कुठं..." दुसरीकडं म्हणजे कुठं?

"उचल रे लेकरा. माझ्यानं हितून पुढं व्हईना."

मी उचलला. पुण्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला पिशवीतून तो किणकिणत होता. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, "बारशाला चाललाव का? पैंजण हायत?" मी हो म्हणालो.

अव्वा बरी झाली. तिला सगळं कळलं तेव्हा ती नेहमीसारखी चेष्टेनंच म्हणाली, "सवती घालवल्या आन् मला ठिवलं!" आम्ही हसलो, आणि मग अव्वाच पदर तोंडाला लावून आत गेली. अप्पांनी त्या अडकित्त्याचा विषय नंतर काढला नाही. फक्त औशाला जायचं बंद केलं. बाजाराचं काम दुसऱ्यावर सोपवलं. भाच्याच्या मुलीचं लग्न औशाला होतं, तर अव्वाला पाठवलं आणि स्वतः पाय दुखतात म्हणून घरी राहिले. दुकानात हनुवटीवर गोंदण असलेली म्हातारी चढली, की बोलता बोलता थांबायचे.

थकलेला पगार एकदाचा आला, तेव्हा पहिला फोन मी पुण्याला केला. ते साहेब खरोखर हळहळले. राघूंचा अडकित्ता त्यांनी दुसऱ्या एका संग्राहकाला बदल्यात दिला होता, आणि त्यानं पुढं कुणाला तरी. त्यांनी विचारपूस केली, दोनदा उलट फोनही केला. पत्ता लागला नाही. मी हे अप्पांना सांगितलं ती आमची शेवटची भेट. ते म्हणाले, "तेल सोडत असतील का रे त्येला?" मी म्हणालो, "सोडत असतील." मला ठाऊक नव्हतं.

परवा पुन्हा लातूरला गेलो होतो. अव्वा आता दुकानात बसते. मुलगी उदगीरला चल म्हणते, ती नाही म्हणते. आत गेलो आणि सवयीनं पिशवी खिळ्याला अडकवायला हात वर केला, तर अव्वा मागून म्हणाली, "तिथं नगं, बाला." मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. भिंतीवर सिमेंटचे पांढरे ठिपके आणि मधे तो एकच खिळा. अव्वा म्हणाली, "ती आली तर म्या वळखायचं कसं रे? म्या तर तिला बघितलंबी न्हाई. आन् वळखलं तरी काय दिऊ?" अप्पा असते तर निदान तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले असते. आता तेही कुणाला करता येणार नाही.

तेवढ्यात एक बाई पितळी कळशी घेऊन पायरी चढली. अव्वानं पुढं जाऊन कळशी तराजूत ठेवली.

"गाव कंचं?"

"चाकूर."

"आन् नाव?"

बाई गोंधळली. "नाव कशाला वं? कळशी माझीच हाय की."

"असंल गं माय," अव्वा म्हणाली. "तरी सांग."

बाईनं नाव सांगितलं. अव्वानं ते हळूच एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, आणि मग तराजू उचलला.