विरजणाची वाटी

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाकडं, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. आज विरजणाचा आंबूस वास आला आणि धुळ्याची, देवपुरातली आमची खोली आठवली. हे मॅट्रिकला इंग्रजीत एकदा नापास झालेले. पुन्हा झाले तर शिक्षण बंद, असं मामंजींनी बजावलेलं. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांत हे नेहमी अडत. आपल्याकडे घेतलं तरी उसनं, दिलं तरी उसनंच! मला तर लेंड ऐकलं की शेळ्याच आठवत.

एका संध्याकाळी हे पुस्तक घेऊन त्यावरच अडून बसले होते, तेवढ्यात शेजारच्या अक्का दारात आल्या. “बाई वं, इरजन शे का?”

मी वाटीत घालून दिलं. मग धीर करून, खाली बघतच यांना म्हटलं, “दारातल्या अक्का बॉरो आणि आतली मी लेंड, असंच ना?”

हे बघतच राहिले. “अगं, तू चौथीपर्यंत शिकलेली, तुला कुणी शिकवलं हे?”

“अक्कांनी. आत्ताच.”

हे खूप हसले. त्या वर्षी पासही झाले. निकालाच्या दिवशी इंग्रजीचं पुस्तक माझ्यापुढे धरून म्हणाले, “घे, लेंड केलं.”

“बॉरो केलं,” मी म्हटलं.

ते पुस्तक मी अजून परत दिलेलं नाही.