पाब्लोच्या बाबांचं गाव

गेल्या रविवारी पाब्लोचे आईबाबा पहिल्यांदाच इथे जर्मनीत, बॉनला, आमच्या घरी जेवायला आले. पाब्लो म्हणजे माझ्या लेकीचा, सईचा, होणारा नवरा... म्हणजे सगळं नीट पार पडलं तर होणारा!

सईने आठवडाभर आधीच तंबी दिली होती. काहीही विचारा, पण "मूळचे कुठले?" हे विचारायचं नाही. पाब्लोचे बाबा लहानपणी स्पेनहून इथे आले. शाळेपासून हा प्रश्न ऐकून त्यांचे कान किटलेत, आणि त्यावरून ते एकदा भर पार्टीतून उठून गेले होते...

मला धास्ती आमच्या ह्यांची. माणूस भेटला की आधी आडनाव आणि लगेच गाव! सकाळपासून मी बजावत होते, तर हे म्हणे, "हो गं, कळलं." माझा काही विश्वास बसेना. मसालेभातात मीठ घातलं की नाही, तेही आठवेना.

हवापाण्याच्या गप्पा झाल्या, पुऱ्या झाल्या. मी जरा निःश्वास सोडते तोच ह्यांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली आणि आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलंच, "तर मग... तुमचं मूळ गाव कोणतं?"

सईने डोळे मिटले. पाब्लोच्या बाबांचा हात ताटातच थांबला. मनात म्हटलं... संपलं सगळं.

"का?" त्यांनी विचारलं, अगदी थंडपणे.

ह्यांना त्याचा पत्ताच नाही! "आता सोयरे होणार आपण. आमच्याकडे सोयरीक जुळताना पहिलं गावच विचारतात. आणि गावाच्या नावाचा अर्थ काय हो?"

पाब्लोच्या बाबांनी ताट जरा पुढे सरकवलं. मग सावकाश म्हणाले, "आल्काला देल हूकार." हूकार ही नदी. आल्काला हा मूळचा अरबी शब्द, अर्थ किल्ला. खाली नदीचं वळण, वर कड्यावर किल्ला, मधे घरं...

"अहो, मग आमचा 'किल्ला' हा शब्दही त्याच अरबी शब्दातून आलाय!" हे जवळजवळ ओरडलेच.

पाब्लोचे बाबा हसले नाहीत. "इथे मला गाव विचारतात ते मी परत कधी जाणार हे कळावं म्हणून," ते म्हणाले. "नातं जोडायला आजवर कुणी विचारलं नव्हतं." मग बायकोकडे बघून हळूच म्हणाले, "लग्न तिथेच करू या का? किल्ल्याखाली?"

सईने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. ह्यांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं मी... पण डोळेच भरून आले.