पेट्रोल नसलेली ॲम्बेसेडर

नातू कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत खेळतो. गाडी भिंतीवर आदळली की मी मागून सांगते, "वळणावर गिअर कमी कर रे!" तो चिडतो, "आजी, तू कायले बोलून राहिली?"

कायले? बोलण्यावरच तर माझं लग्न जमलं. सत्तरच्या दशकात चिखल्याला बाबा खाणीचा ट्रक चालवायचे, म्हणून गाड्यांतलं सगळं मलाच कळतं असा माझा तोरा होता. वरठीचे पाहुणे मागून आणलेल्या ॲम्बेसेडरनं मला बघायला आले. निघताना गाडी सुरूच होईना. बघायला आलेल्यांपुढे मुलीनं तोंड उघडायचं नसतं. मी पदर खोचून दारातून ओरडले, "दुसऱ्या गिअरात टाका, मंग ढकला!"

पांढऱ्या पँटीतला मुलगा खाणीच्या काळ्या धुळीत गाडी ढकलत राहिला. बाबा कुजबुजले, "पोरी, गेलं हे स्थळ."

शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "पेट्रोलच सरलं, जी." मी शहाणी खांबाआड लपले. तेवढ्यात धाप टाकत हे आपल्या आईला म्हणाले, "माय, पोरगी पसंत आहे मले."

"तवा मी गप बसली असती, तं तू असता कुठं?" मी नातवाला म्हटलं. "चाल, गिअर कमी कर."

त्यानं केला.