महालिंगप्पा आणि आंब्या

आमच्या समोरच्या घरात महालिंगप्पा राहतात. धाराशिवच्या एसटी स्टँडवर ते बावीस वर्षं कंट्रोलर होते, माईकवर गाड्या पुकारायचे. रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच एका सकाळी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सोलापूरला तीन आठवडे दवाखान्यात काढून घरी आले, तेव्हा काठी धरून चालता येत होतं, पण वाचा गेली होती. अगदी सगळी नाही. एक शब्द उरला होता. ‘बस.’

पाणी हवं असलं तरी ‘बस’, पंखा लावायचा असला तरी ‘बस’. डोक्यात सगळं लख्ख होतं, जिभेवर मात्र तेवढंच यायचं. त्यांच्या पत्नी चन्नम्माकाकू स्वरावरून ओळखायच्या. आम्ही शेजारी भेटायला जायचो आणि ते बहिरे झाल्यासारखे त्यांच्याशी ओरडून बोलायचो. आज आठवलं की लाज वाटते. महिनाभरात अप्पांनी माणसांसमोर येणंच बंद केलं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचा तक्ता दिला होता, घर, गाय, कमळ असला. तो त्यांनी उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला.

त्याच सुमारास गल्लीतल्या एका भाडेकरूची बदली झाली. सामान गेलं, पण त्यानं पाळलेला तांबूस कुत्रा मागंच राहिला. रिकाम्या घराच्या फाटकाशी तो चार दिवस बसून होता. पाचव्या दिवशी तो अप्पांच्या ओसरीवर चढला आणि थेट दाराकडे निघाला. आत काकूंची लिंगपूजा चालली होती. खुर्चीतून अप्पा ओरडले, “बस!”

कुत्रा बसला.

आधीच्या मालकानं तेवढं शिकवलेलं असावं. मागचे पाय मुडपून, कान टवकारून तो पुढच्या हुकुमाची वाट बघत राहिला. अप्पाही त्याच्याकडे बघत राहिले. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांचा शब्द कुणीतरी जसाच्या तसा ऐकला होता. मग ते हसले. अर्ध्याच तोंडानं, पण इतके हसले की काकू पूजा सोडून बाहेर आल्या.

“काय झालं ओ?”

अप्पांनी डाव्या हातानं कुत्रा दाखवला. काकूंनी कुत्र्याला हाकलायला दारामागचा झाडू उचलला, पण नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तो खाली ठेवला. “उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय,” त्यांनी कुत्र्याला बजावलं. “आन् आमच्यात मटण-बिटण मिळत न्हाय. दूध-भाकर हाय. पटलं तर ऱ्हा.”

त्याला पटलं. रंगावरून काकू त्याला तांब्या म्हणू लागल्या. अप्पांच्या तोंडून ‘त’ निघेना. आठ-दहा दिवसांच्या खटपटीनंतर एकदाचं “आंब्या” असं आलं आणि कुत्र्यानं शेपूट हलवलं. तेच नाव कायम झालं.

आंब्याला पहाटे फिरायला लागायचं. अप्पांच्या एका हातात काठी, दुसऱ्यात जोर नाही, म्हणून दोरी काकूंनी धरली. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग मोठ्या रस्त्यापर्यंत, आणि दिवाळीच्या सुमारास हातलादेवीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत तिघं जाऊ लागली. आमच्या गावाला या डोंगराचं वेड आहे. पहाटे पाचपासून वकील, मास्तर, भाजीवाल्या, पोलीसभरतीची पोरं, सगळे चढत असतात, मीही. त्यांच्यासोबत कुणाकुणाची कुत्रीही असतात. पायथ्याला इरशादची चहाची टपरी आहे. तिथं कुत्र्यांसाठी पाण्याचं घमेलं कायम भरलेलं. इरशाद आंब्याला गुपचूप उकडलेलं अंडं द्यायचा आणि मला म्हणायचा, “काकूला सांगू नका, त्याचा धर्म बुडंल.” काकूंना सगळं दिसत होतं. त्या तेवढ्यापुरतं डोंगराकडं बघायच्या.

चढावर दम लागला की अप्पा दगडावर टेकायचे आणि आंब्याशी बोलायचे. माणसांपुढं जीभ अडायची, त्याच्यापुढं नाही. तो चुका काढत नव्हता, शब्द पुरवत नव्हता, घड्याळ बघत नव्हता. “ये.” “चल.” “थांब.” एक-एक शब्द सुटत गेला. एकदा उत्तरेला दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत ते त्याला म्हणाले, “येडशी... येरमाळा... चौसाळा... बीड.”

काकू मागं उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून त्यांनी तक्ता बाजूला सारून गाड्यांचे मार्ग धरले. भाकरी थापता थापता विचारायच्या, “येरमाळ्याच्या फुडं?” आणि ओसरीवरून उत्तर यायचं. ज्या क्रमानं गावं वर्षानुवर्षं पुकारली, त्याच क्रमानं ती जिभेवर परत येत होती. गावांमागून इतर शब्दही आले, लंगडत, पण आले.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलनीत एक प्रसंग घडला. एका मोकाट कुत्र्यानं रणधीरच्या मुलीचा, आरोहीचा फ्रॉक ओढला. चावला नाही, पण पोरगी फार भ्याली. रणधीर आमच्या कॉलनीचा सेक्रेटरी. त्यानं देवळात बैठक बोलावली आणि सांगितलं, “कॉलनीत एकही कुत्रं नको. सगळी लांब नेऊन सोडायची.” बापाचाच जीव तो, त्याचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

तेव्हा मागच्या रांगेतून अप्पा उठले. ते बैठकीला येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

“आंब्या... माझा,” ते म्हणाले आणि थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. माझ्या शेजारचा कुणीतरी पुढचा शब्द सांगायला सरसावला. रणधीरनंच त्याला हातानं गप्प केलं.

“बोला अप्पा. घाई न्हाय.”

पन्नास-साठ माणसं गप्प बसली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. “सुई... झाली. पट्टा हाय. बाकीच्यांला पन... सुया देऊ. मी... पुकारतो... दवाखान्याचा दिवस.” मग बापाला बिलगून बसलेल्या आरोहीकडे वळून म्हणाले, “भिऊ नगं. माज्यासंगं... ये. बघ त्याला.”

एवढं बोलायला चार मिनिटं लागली असतील. एवढा वेळ आमची कॉलनी एका माणसासाठी कधी थांबली नव्हती. रणधीर उठून त्यांच्या पाया पडला. “मी अजून लहान हाय अप्पा,” एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून गल्लीतल्या अकरा कुत्र्यांना लस दिली. आरोही आठवडाभर लांबूनच आंब्याला बघत होती, मग एका संध्याकाळी तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

याला आता दोन वर्षं झाली. अप्पांचं बोलणं पूर्ण सुधारलेलं नाही, सुधारणारही नाही असं डॉक्टर म्हणतात. पण ते बोलतात. मागच्या आठवड्यात डोंगरावर मी त्यांना विचारलं, “अप्पा, तुमाला खरं कुनी बरं केलं?”

त्यांनी आंब्याच्या मानेखाली खाजवलं.

“डॉक्टर,” ते म्हणाले. “ही.” काकूंकडे पाहून नुसतंच हसले. “ह्यो.” मग काठीनं त्यांनी खाली पसरलेलं गाव दाखवलं. “लई... लोकांनी. कितींचं... नाव घिऊ?”

“आता उतरा,” काकू म्हणाल्या. “ऊन चढायलंय.”

आंब्या आधीच पुढं निघाला होता.